पेल्यातल्या रेघा

टण्ण. ओट्याच्या कडेला पालथा घातलेला स्टीलचा पेला खाली पडला आणि घरंगळत दारापर्यंत आला. मी श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. भोंगा, म्हणजे आमची पाच वर्षांची लेक (हे नाव का पडलं ते शेजाऱ्यांना विचारा), कुशीवर वळली आणि पुन्हा निजली. दुपारचा माझा अर्धा तास वाचला.

पेला उचलला. आतून बोट फिरवलं की त्या चार रेघा अजून हाताला लागतात. बाबांनी खिळ्याने ओढलेल्या.

घराला लागूनच बाबांचं एका शटरचं गॅरेज होतं. आई डोंगरातल्या वस्त्यांवर जाणारी नर्स. बाबाच तिला छोट्या जीपमधून न्यायचे. पुढे औषधांची खोकी, मागे लसींचा डबा मांडीवर घेतलेली आई आणि खाली वाट म्हणायची ती नुसती दगडगोट्यांची. जीपचे मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या, ओझं वाहायला केलेले, भारी ताठ. दगडावरून चाक गेलं की मागची बाजू उडायची. मी आठ वर्षांची असताना आईची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, धक्के थांबले नाहीत तर वस्त्या सोडाव्या लागतील. आई घरी आली आणि गवार मोडत बसली.

"तू कशाला काही सोडतेस," बाबा म्हणाले. "गाडीची खोड मी सोडवतो."

आईने आठवड्याची रजा टाकली. बाबांनी जॅक लावून एकेक पाटा उतरवला, घासला, पाहिला. एक काढूनच टाकला. जुने शॉकअप जाऊन लांब, मऊ आले. प्रत्येक बदलानंतर गॅरेजमागच्या कोरड्या नाल्यातून फेरी व्हायची. मागे खाली हा पेला, काठोकाठ भरलेला, आणि सीटवर मी.

"हात लावायचा नाही," बाबा बजावायचे. "नुसतं बघायचं."

फेरी संपली की उरलेल्या पाण्यापाशी ते रेघ ओढायचे. पहिली तळाजवळ, दुसरी निम्म्याला, तिसरी तिच्या जरा वर. तिसरीनंतर ते बोनेटला टेकून बराच वेळ हात पुसत राहिले. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

चौथ्या फेरीला निघताना म्हणाले, "आज जमायला हवं बाई. उद्या आईची रजा संपतेय."

नाल्यातला मोठा दगड आला तेव्हा मी वाकले आणि पेला दोन बोटांनी उचलून धरला. दगड गेल्यावर खाली ठेवला. एवढंच.

पाणी काठाच्या बोटभर खाली होतं. बाबा पेल्यात बघतच राहिले. मग रेघ ओढून त्यांनी आईला हाक मारली. "ये, बघ. पाळणा झालाय नुसता."

तेव्हा सांगता आलं असतं. पण बाबा इतके हसत होते.

दुसऱ्या दिवशी चढावरच्या खड्ड्यात गाडीची मागची बाजू धाडकन तळाला टेकली. आई तीन आठवडे अंथरुणावर होती.

"पाळणा म्हणाला होतात ना," ती म्हणाली.

"चूक माझीच. तुझं वजन धरलंच नाही मी."

मी दाराआड उभी होते.

मग त्यांनी काढलेला पाटा आखूड कापून इतरांच्या खाली बसवला, मध्ये बोटभर फट ठेवून. मला म्हणाले, "गाडी हलकी असली की हा निजलेला. वजन आलं की उठून हात देतो." या वेळी मागच्या सीटवर वाळूचं पोतं बसलं.

"माझ्या वजनाचं?" आईने खिडकीतून विचारलं. "तोललं कुणी?"

"अंदाजाने."

"अंदाज जरा जास्तच सुटलाय तुमचा."

मी सवयीने मागे चढायला गेले. बाबांनी पुढचं दार उघडलं. "तू इथे बस. मला दगड दाखव."

आई त्यानंतर अकरा वर्षं त्या वस्त्यांवर गेली. बाबा जाऊन आता दोन वर्षं झाली. मी कधीच काही सांगितलं नाही.

"आई, ही रेघ खोडलीय," मागून आवाज आला. भोंगा केव्हा उठून माझ्या मांडीशी आली, कळलंही नव्हतं. तिचं बोट पेल्यात, सर्वांत वरच्या रेघेवर होतं. तिच्यावर एक बारीक फुली होती. माझ्या जाड झालेल्या बोटांना ती कधी लागलीच नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं. पेला उचलल्याचंही. पहिल्यांदाच कुणालातरी. तिने डोळे बारीक करून ऐकलं.

"मग आजोबांना माहीत होतं?"