मावशीनं मान हलवली

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माणसाला इतर प्राण्यांपेक्षा जास्त अक्कल कशी आली हे या पृथ्वीच्या पाठीवर फक्त मला ठाऊक आहे. विद्वानांनी त्यासाठी डोळे फोडले, हाडं उकरली, कवट्या मोजल्या. मी काही उकरलं नाही. मी फक्त प्राणिबागेत चिंपांझीच्या पिंजऱ्यावर नोकरी केली, आणि तीही माझ्या साडूबरोबर.

अक्कल यायला साडू लागतो. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सोपं जाईल.

माझी बायको आणि त्याची बायको सख्ख्या बहिणी. आम्ही दोघे एकाच पिंजऱ्याचे राखणदार, आणि दोघांत छत्तीसचा आकडा. कारण विचाराल तर सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ. सासरे गेले तेव्हा सगळ्यांच्या आधी त्यानं ते काखेत मारलं. मी तोंडातून शब्द काढला नाही, कारण लंबक अगोदरच माझ्या खिशात होता. तेव्हापासून घड्याळ त्याच्या भिंतीवर, लंबक माझ्या कपाटात, आणि आमचं बोलणं बंद.

पण नोकरी अशी, की बोलल्याशिवाय चालत नाही. पिंजऱ्याच्या दाराचा नियम होता. एकानं दार लावायचं आणि ओरडायचं, "लावलं!" दुसऱ्यानं ते ओढून बघायचं आणि ओरडायचं, "ओढलं!" दोन्ही आवाज झाल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. ज्यानं हा नियम केला त्याला आमच्या घड्याळाची भानगड माहीत नव्हती. मी त्या माणसाशी बोलायचं? त्यापेक्षा जीभ कापून वाघापुढे टाकली असती. त्याचंही तेच. म्हणून आम्ही मावशीमार्फत बोलायचो.

मावशी म्हणजे आमची चिंपांझी. वयानं उतरलेली, स्वभावानं गरीब. दुपारी कधी कधी मी तिचा हात धरून तिला तिकिटाच्या खिडकीपर्यंत फिरवून आणायचो. तिथं माझी बायको तिकिटं द्यायला बसते. दोघींचं फार जमायचं. बायको माझ्याशी जेवढं बोलत नाही तेवढं मावशीशी बोलायची, आणि मावशी ते उलट उत्तर न देता ऐकायची, म्हणून असेल.

तर पिंजऱ्यात आमचं बोलणं चालायचं ते असं.

"मावशे, त्या बोक्याला सांग, झाडू जागेवर ठेव."

"मावशे, त्या भोपळ्याला सांग, झाडूची जागा रोज कोण बदलतं ते आधी सांग म्हणावं."

"त्याला सांग मावशे, त्याच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात अदलाबदल झाली. खरं पोर पिंजऱ्यात गेलं, हे घरी आलं."

"आणि याला सांग, याला कुणी बदलायलाही घेतलं नाही."

मावशी एकदा त्याच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे, आणि मान हलवायची. वर्षानुवर्षं.

मग ती संध्याकाळ आली. बाग बंद करायचा भोंगा होऊन गेला होता. मोठे साहेब बागेतून फेरी मारून आपल्या खोलीशी आले, तर दार आतून बंद. साहेबांनी टकटक केली. "कोण आहे आत?" आतून उत्तर आलं नाही, पण टेबलावरची शिपायाला बोलवायची घंटी वाजली. शिपाई इतक्या वर्षांच्या सवयीनं "आलो साहेब!" म्हणत धावत आला आणि खऱ्या साहेबांना कोपरानं बाजूला सारून दारापुढे हात बांधून उभा राहिला.

शेवटी खिडकी उचकटली. आत मावशी साहेबांच्या खुर्चीत. डबा फस्त. कडी तिनंच घातलेली, अगदी नीट, जशी आम्ही तिच्या दाराला घालत आलो तशी. तिला ओढून काढली तेव्हा जाता जाता तिनं पुन्हा एकदा घंटी वाजवली, आणि शिपाई पुन्हा "आलो साहेब" म्हणाला. साहेबांच्या रागाचं निम्मं कारण ते होतं, असं माझं मत आहे.

तासाभरात आम्ही सगळे त्याच खोलीत. साहेब खुर्चीत बसले नाहीत, खुर्ची पुसून घ्यायची होती. मी एका भिंतीला, साडू समोरच्या भिंतीला. मावशी कोपऱ्यात स्टुलावर, पायात साखळी. माझ्या बायकोलाही बोलावलं होतं, फाटकाशी तीच बसते म्हणून. ती मान खाली घालून उभी. एरवी तिची वेणी अशी घट्ट असते की भुवया वर ओढल्या जाव्यात. त्या दिवशी केस मोकळे, भांग भलतीकडेच. पळापळीत सुटले असतील. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

साहेब म्हणाले, "आज कुणीतरी जाणार. दार तुमच्यापैकी एकानं उघडं टाकलं असेल, तर त्यानं उद्या नोकरी सोडायची आणि बागेतली राहायची खोलीही. आणि या जनावरानं काही लबाडी केली असेल, तर ते मागच्या लोखंडी कोठीत. कायमचं."

त्या कोठीला खिडकी नाही. तिथं पूर्वी एक म्हातारं अस्वल ठेवलं होतं. शेवटी शेवटी ते भिंतीकडे तोंड करून बसायचं.

"दार लावायची पाळी कुणाची होती?"

"त्याची," मी म्हणालो.

"त्याची," साडू म्हणाला.

"एकमेकांना विचारलं नाहीत?"

"मी त्याच्याशी बोलत नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो. तेवढ्यापुरतं आमचं एकमत झालं, त्याची मला लाज वाटली.

साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. "दोघंही जा मग!"

तेव्हा मला पुढे व्हावं लागलं. "साहेब," मी म्हणालो, "हे समजायचं असेल तर माणसाला अक्कल कुठून आली तिथून सुरुवात करावी लागेल."

"थोडक्यात सांगा."

"थोडक्यातच. फार पूर्वी माणूस नव्हता, झाडावर नुसती माकडं होती. अक्कल सगळ्यांना सारखी. कोल्ह्याला जेवढी, तेवढीच माकडाला. वैर तेव्हाही होतं, पण वाघाचं वैर कसं? फाडलं, संपलं. सापाचं? डसला, संपलं. डोक्याला काही कामच नाही. आता एका टोळीत दोन माकडं होती, साडू साडू. दोघांचे दात किडके, नखं बोथट. दुसऱ्याला फाडावं तर अंगात जोर नाही, सोडून द्यावं तर मनाला पटत नाही. मग वैर ठेवायचं कुठं? पोटात ठेवलं तर भूक मरते. हातात ठेवलं तर फांदी सुटते. म्हणून त्यांनी ते डोक्यात ठेवलं. आणि वैर काय, रोज वाढणार. पोरं झाली की घराला खोली काढतात, तसं डोकं वाढवावं लागलं."

साडू छताकडे बघत म्हणाला, "मावशे, याच्या डोक्यात खोल्या आहेत, पण सगळ्या भाड्यानं द्यायच्या आहेत म्हणावं."

मी लक्ष दिलं नाही. "मग एक दिवस त्यातल्या एकानं फळ ढोलीत दडवलं आणि सरळ तोंडानं सांगितलं, छे, इथं फळ नव्हतंच. जगातली पहिली थाप ती. मारायला अर्धा शेर मेंदू जास्त लागला. आणि ती पकडायला दुसऱ्याला पाऊण शेर. मग त्याहून मोठी थाप, त्याहून मोठा मेंदू. अशी जुंपली साहेब, की बघता बघता कपाळं पुढे आली. विस्तव कशाला शोधला? साडूचं झाड पेटवायला. मोजणी कशाला? त्याच्या वाट्याला किती गेलं ते बघायला. बोलणं तर टोमण्यांसाठीच निघालं, बाकीचे शब्द मागाहून आले."

"मग हत्तीला का नाही आली एवढी अक्कल?" साहेब नको नको म्हणत गुंतले होते. "डोकं तर केवढं असतं."

"हत्ती सासुरवाडीला जात नाही साहेब."

शिपाई हसला आणि साहेबांनी बघितल्यावर खोकला.

"आता या मावशीचं घ्या," मी मुद्द्यावर आलो. "इतकी वर्षं आम्हा दोघांच्या मधे. आमचं सगळं वैर हिच्या डोक्यातून गेलंय आणि आलंय. टपालपेटीसुद्धा शहाणी झाली असती. आज भोंगा झाला. मी दाराच्या या अंगाला, हा त्या अंगाला, मावशी मधे. मी म्हणालो, मावशे, विचार त्याला, लावलं का? मावशीनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि होय म्हणून मान हलवली. मग यानंही तेच विचारलं, मावशे, विचार त्याला, लावलं का? तिनं त्यालाही होय सांगितलं! दोघांना चक्क फसवलं आणि आमची पाठ वळल्यावर दार ढकलून चालती झाली. साहेब, माणूस झाली ती. कोठीतच घाला. आज तुमची खुर्ची घेतली, उद्या सही करील."

एवढं बोलून मी थांबलो. खरं सांगायचं तर मला साडूची धास्ती होती. तो नुसतं "थापा" म्हणाला असता तर माझं गाठोडं फाटकाबाहेर. पण त्यानं हिशेब केला असणार. माझी थाप पडली तर दोघं बाहेर, टिकली तर दोघं आत. त्याचं कपाळ माझ्या डोळ्यांदेखत पुढे आलं.

"बरोबर बोलतोय हा," साडू म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला. घड्याळानंतर पहिल्यांदा. "मलाही होय म्हणूनच मान हलवली तिनं. लबाड आहे मुलखाची."

"तूच बघ ना," मी त्याला म्हणालो. जीभ अडखळली, पण म्हणालो. "आपण हिला एवढा जीव लावून..."

"घास भरवला हिला आपण," तो म्हणाला.

इतक्या वर्षांचं वैर, आणि ते विरघळायला कोपऱ्यात बसलेली एक मुकी म्हातारी पुरली. दोघं जण एका बाजूला आले की तिसऱ्याची धडगत नसते. ही अक्कलही त्या पहिल्या दोन साडूंनाच सुचली असणार.

"विचारा तिलाच," मी साहेबांना म्हणालो. "मावशे, तूच फसवलंस ना आम्हाला?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं, साडूकडे बघितलं, आणि मान हलवली.

साहेबांनी शिपायाला सांगितलं, "कोठीची किल्ली आण."

शिपाई निघाला. मावशीनं साखळी ओढत माझ्या बायकोकडे हात केला. बायकोनं तो हातात घेतला, आणि मान वर करून ती मला म्हणाली,

"अहो, भोंगा व्हायच्या कितीतरी आधीपासून मावशी माझ्या खिडकीत बसली होती, माझी वेणी सोडून डोक्यात उवा शोधत. मला वाटलं, तुम्हीच फिरायला आणून सोडलीत. मग भोंग्याच्या वेळी तुम्हा दोघांच्या मधे बसून मान कोण हलवत होतं?"