केशरबाई खुर्चीवर बसल्या

पिंगळीच्या केशरबाईंचा उजवा खुबा पार झिजून गेला होता. शेतात जाणं कधीचंच सुटलं होतं, आता उंबरा ओलांडतानाही डोळ्यांत पाणी यायचं. परभणीच्या डॉक्टरांनी पुण्याला जायला सांगितलं. तिथं झिजलेला सांधा काढून धातूचा बसवतात म्हणे. सत्त्याहत्तर साली पिंगळीत असलं काही कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांचे मालक माणिकराव तयार झाले, पण केशरबाई नाही म्हणाल्या ते नाहीच. हाडाच्या जागी लोखंड, या विचारानंच त्यांना कापरं भरायचं.

डॉक्टरांनी मग पूर्णेच्या शाळेत शिकवणाऱ्या सत्यशीलाबाईंना निरोप धाडला. एसटीतून पडून त्यांचाही खुबा कामातून गेला होता आणि आदल्या वर्षी पुण्यालाच त्यांचं ऑपरेशन झालं होतं. रविवारी त्या पॅसेंजरनं आल्या आणि काठी टेकत दारात उभ्या राहिल्या. केशरबाई त्यांच्या तोंडाकडे न बघता चालीकडेच बघत राहिल्या.

सत्यशीलाबाईंनी आतल्या खोलीत नेऊन टाक्यांचा व्रण दाखवला. केशरबाईंनी भीत भीत त्यावरून बोट फिरवलं.

"खरं सांगा बाई, लय दुखतंय का?"

"दुखतंय. पहिल्यांदा लय दुखतंय. पण ते रोज थोडं कमी होतंय. तुमचं आताचं दुखणं रोज वाढायलंय."

ही बाई आपल्याला गोड बोलून फसवत नाही, हे केशरबाईंना कळलं आणि त्यांचा जीव थाऱ्यावर आला. त्या पुण्याला जायला तयार झाल्या.

मग दर रविवारी शिकवणी सुरू झाली. खाटेवर पडून छाती भरून श्वास घ्यायचा. मांडी ताठ करून धरायची. दोन्ही पायांत उशी ठेवून निजायचं, पायावर पाय टाकायचा नाही. कुबड्यांवर भार पेलायला दंडांत जोर हवा, म्हणून खाटेच्या काठावर हात रेटून अंग उचलायचं. चुकलं की सत्यशीलाबाई न चिडता पुन्हा करून घ्यायच्या. त्या बौद्ध, म्हणून पहिल्या दिवशी घरातल्या बायांनी त्यांना चहा वेगळ्या कपात दिला होता. केशरबाईंच्या ते नजरेला आलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी आपल्या रोजच्या कपबशीत चहा ओतला आणि स्वतःच्या हातानं पुढं केला.

गाडी अडली ती खुर्चीपाशी. ऑपरेशननंतर मांडी घालायची नाही, उकिडवं तर मुळीच बसायचं नाही, नाहीतर सांधा निखळतो. उंच खुर्चीवरच बसायचं, आणि ती सवय आताच लावायची. घरात खुर्ची एकच, थोरले दीर दत्तराव यांची. त्यांच्यासमोर केशरबाई कधी पदर खाली येऊ द्यायच्या नाहीत, मग खुर्चीवर कशा बसणार? त्या भिंतीला धरून उभ्याच राहिल्या.

"पुण्याहून आल्यावर अशी लाज धरली, तर केलेलं सगळं वाया जाईल," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

ओसरीवरच्या दत्तरावांनी ते ऐकलं. ते उठले, खुर्ची उचलून आत आणली आणि स्वतः घोंगडीवर जाऊन बसले.

"बसा," ते म्हणाले. "आमी खाली बसल्यानं कमी होत न्हाई."

केशरबाई बसल्या. खुब्याला कळ लागली नाही.

पुण्याला ऑपरेशन नीट पार पडलं. उठून उभं राहायची वेळ आली तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई रडून नर्सचे हात झटकत होती. केशरबाईंनी दातावर दात धरले, कुबड्यांवर भार टाकला आणि उभ्या राहिल्या. कुणाकडून शिकलात, असं डॉक्टरांनी विचारलं. "आमच्या पूर्णेच्या बाईंकडून," केशरबाई ताठ मानेनं म्हणाल्या. मग शेजारच्या बाईच्या खाटेपाशी खुर्ची ठेवायला लावून त्यांनी तिला धीर दिला.

घरी आल्यावर काही महिन्यांनी येलदरीच्या मुंजाजी नावाच्या कोळ्यालाही हेच ऑपरेशन सांगितल्याचं कळलं. त्यानं हाय खाल्ली होती. त्याच्याकडे जायला निघालेल्या सत्यशीलाबाई पिंगळीला आल्या, तर केशरबाई आधीच लुगडं बदलून तयार होत्या. दोघी काठ्या घेऊन एसटीत चढल्या. रस्ताभर त्या माणसाला काय काय सांगायचं ते ठरवत होत्या, आणि केशरबाईंना दर वेळी आणखी काहीतरी आठवत होतं.