दोन्ही बाजूंनी पळायचा नियम

मी एक स्टॉपवॉच. माझ्याकडे लोक घाईतच येतात, त्यामुळे तुम्हीही घाईत असाल तर मला वाईट वाटणार नाही.

माझा जन्म परदेशातला, पण तिथलं मला काही आठवत नाही. माझं काम साधं आहे. बटण एकदा दाबलं की मी चालतो, दुसऱ्यांदा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की झालेलं सगळं विसरून शून्यावर येतो. सेकंदाचे पाच भाग मोजतो. याहून जास्त अक्कल मला नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतर चार वर्षांनी मी मोताळ्याकडच्या एका गावातल्या हायस्कुलात आलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढच्या प्रकरणावरून तिथं अजून दोन तट आहेत. लक्ष्मीकांत मास्तर शास्त्रही शिकवत आणि खेळही घेत. त्यांना नागपूरचे मेहुणे जुनी इंग्रजी मासिकं पाठवत. ती वाचून झाली की मास्तरांना ती कुणाला तरी सांगावीच लागत.

"शर्यतीच्या मोटारी दोन जातीच्या," ते एकदा शाळेच्या ओट्यावर सांगत होते. "एक वेगाच्या विक्रमाची. ती मिठाच्या कोरड्या तळ्यावर नाकासमोर पळते. दुसरी गोल रस्त्याची. तिला वळणं घ्यावी लागतात, ब्रेक दाबावा लागतो, आणि पन्नास फेऱ्या मारून ती निघाली तिथंच येते."

"पहिलीले वळता येते का?" कडूबानं विचारलं.

"जवळजवळ नाहीच."

"मंग घरी कशी जाते?"

"ट्रकवर घालून नेतात."

कडूबाला हे पटलं. तो गावातल्या भगवानरावांची शंकरपटाची बैलजोडी हाकायचा. शंकरपटात हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी सरळ पट्टीवरून सुसाट सोडतात आणि तिला किती वेळ लागला ते पाहतात. लाख्या आणि हिऱ्या ही ती जोडी. त्यांना कडूबानं वासरं असल्यापासून वाढवलं होतं. शेतात ते कधी जुंपले नव्हते. पट्टीच्या उगवतीच्या टोकाकडून मावळतीला पळायचं, तिथं कडूबाच्या हातून गूळ खायचा आणि रमतगमत परत यायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आदल्या साली भगवानरावांचा नंबर दोन पंचमांश सेकंदानं गेला होता. त्यांच्या जोडीच्या वेळी समोरून वारा होता, दुसऱ्या जोडीच्या वेळी तो पडला. ते मास्तरांकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, मले न्याय पाहिजे."

मास्तरांनी मासिक उघडलं. वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून विक्रमाची मोटार एका तासाच्या आत उलट बाजूनंही पळवतात आणि दोन्हींची सरासरी धरतात, असं त्यात छापलं होतं.

भगवानराव खूश झाले. "जो नियम मोटारीले, तोच माह्या बैलायले! पंचांकडून लिहून घेतो. अन् कडूबा, यंदा नंबर गेला तं जोडी ठेवत नाही मी. बसून खाणारे बैल किती दिवस पोसू?"

कडूबाचा चेहरा उतरला. त्याला मूलबाळ नव्हतं, जमीन नव्हती. त्या दोन बैलांपलीकडे त्याचं म्हणावं असं काही नव्हतं. तो म्हणाला, "मास्तर, मोटारीले कळते का, आपलं तोंड कोणीकडं हाये ते?"

"यंत्राला काय कळतंय, कडूबा?"

"बैलायले कळते."

मास्तर हसले. मी त्यांच्या खिशात होतो. मीही हसलो.

माघात पट भरला. सगळ्यांच्या शेवटी लाख्या-हिऱ्या सुटले आणि मास्तरांनी मला दाबलं. इतक्या वेगानं काही मोजायची पाळी माझ्यावर त्याआधी आली नव्हती. नऊ सेकंद आणि दोन पंचमांश. लोकांनी पागोटी उडवली.

मग उलटी फेरी. कडूबानं जोडीला मावळतीच्या टोकाला उभं केलं, तोंड उगवतीकडे फिरवलं आणि हाकारलं. बैल उभेच. त्यांचं पळून झालं होतं आणि गुळाची वाट बघणं चाललं होतं. मी नऊ-दोनवर थांबलेला, म्हणून तास मोजायला मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं.

"टोच ना बे! खिळा कायले लावला तुतारीले?" भगवानराव ओरडले.

कडूबानं तुतारी, म्हणजे टोकाला खिळा लावलेली काठी, हातात घेतली. टोचलं असतं तर बैल कदाचित पळालेही असते. तो बराच वेळ लाख्याच्या मानेवरून हात फिरवत राहिला. शेवटी त्यानं तुतारी बाजूला फेकली आणि दोघांना गूळ चारला. तास संपला.

नंबर तुळशीरामच्या जोडीला मिळाला. उलट्या फेरीला पळालेली ती एकच जोडी, आणि तिची वेळ मी आधीच मोजली होती: जाताना पंधरा सेकंद, येताना सोळा. ते नांगराचे बैल. नांगराची रेघ, म्हणजे शेतातलं तास, संपली की वळायचं, ही त्यांची रोजचीच सवय. पंचांनी नियमाप्रमाणे निकाल दिला. त्यात काही चूक नव्हती, आणि मास्तरांना त्याचाच त्रास झाला.

पुढच्या बाजारी जोडी विकली गेली.

मास्तरांनी त्यानंतर माझं बटण दाबलं नाही. शाळेच्या शर्यती त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर उरकल्या. मी वर्षभर नऊ-दोनवर उभा होतो.

मग एका रविवारी सकाळीच कडूबा दारात आला. "मास्तर, घड्याळ घ्या अन् चला."

एस.टी.नं आम्ही संग्रामपूरला गेलो. तिथं मंजुळाबाईंचा तेलाचा घाणा होता. डोळ्यांवर झापडं बांधलेला लाख्या घाण्याभोवती फिरत होता. हिऱ्या मागं गोठ्यात बांधलेला.

"बैल गुणी हायेत," मंजुळाबाई म्हणाल्या. "पण घाण्याले एकच लागते. जेवणापर्यंत हा, मंग तो."

"याचा एक फेरा मोजा," कडूबा मास्तरांना म्हणाला.

"कडूबा, हे दाबलं तर नऊ-दोन पुसलं जाईल."

"जाऊ द्या. पळाले तवा संग होते. आता एक चालते तं दुसरा बांधेल राह्यते."

मास्तरांनी दाबलं. मी शून्यावर आलो. पुन्हा दाबलं. लाख्याचा एक फेरा, सतरा सेकंद. आम्ही जेवणापर्यंत थांबलो. मंजुळाबाईंनी बैल बदलला. हिऱ्याचा एक फेरा, सतरा सेकंद. माझा काटा एक पंचमांशही इकडेतिकडे झाला नाही.

"पाह्यलं?" कडूबा म्हणाला. "जोडी हाये ते अजून. ल्याहा तुमच्या वहीत."

मास्तरांनी वही काढली, पण त्यांना लिहवेना. मग कडूबानं सावकाश जाऊन हिऱ्याची झापडं सारखी केली. मला फार वाईट वाटलं. नऊ-दोन मोजताना जो अभिमान वाटला होता त्याहून कितीतरी जास्त.

आता मी म्हातारा झालोय. शाळेत नवं घड्याळ आलंय, मी कपाटात असतो. कधी कुणाला मोजायला मला हातात घेतलंत, तर दाबण्याआधी हाकणाऱ्याला एकदा विचारा. कडूबाला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं आपण होऊन सांगितलं, तेव्हा आम्ही हसलो.