शोभेचा पर्याय

नवा गडी, नवं राज्य. वॉशिंग्टनमध्ये हे तारीख-वेळ ठरवून घडतं: वीस जानेवारी, दुपारचे बारा. आधीचा पंधरवडा म्हणजे नुसती लग्नघाई. खाली रस्त्यावर शपथविधीच्या पाहुण्यांना बसायला फळ्या ठोकत होते आणि त्या ठकठकीत सरकारी कचेरीच्या सहाव्या मजल्यावर कॅल्विन रोबक स्वतःचा कागद कितव्यांदा तरी वाचत होता.

नव्या अध्यक्षांपुढे ठेवायच्या फायलीत एकतीस दुखणी होती. उत्तरेच्या समुद्रातल्या पाणबुड्या, रुसलेले जुने दोस्त, क्षेपणास्त्रं, मुदत संपत आलेले करार. जगाची कटकट या गावाच्या कपाळी लिहिलेलीच आहे. त्यातलं सव्विसावं दुखणं कॅल्विनचं: हॅरो चौकी. वाळवंटाच्या टोकाला दोनशे बारा सैनिक बसलेले. त्यांना ठेवायचं की परत आणायचं? कागद नव्या मंडळींना पसंत पडला, तर विभागप्रमुखाची खुर्ची कॅल्विनला मिळणार होती, कारण प्रमुख विनिफ्रेड हॅस्केल वीस तारखेलाच निवृत्त होत होत्या.

कागद रिवाजाप्रमाणे लिहिलेला. तीन पर्याय. पहिला, तीस दिवसांत चौकी रिकामी करा. तिसरा, सैन्य चौपट करून शेजारच्या मुलखावर चालून जा. आणि मधला, आहे तसंच ठेवा, थोडी डागडुजी करा. खात्याला हवा असतो तो मधलाच, बाकीचे दोन शोभेला. दगडापेक्षा वीट मऊ! साहेब दोन्ही बाजूंचे दगड बघतात आणि मुकाट्याने वीट उचलतात. पिढ्यान् पिढ्या हेच चाललेलं.

विनिफ्रेडबाई थंड कॉफीचा मग घेऊन आल्या. त्रेसष्ट वर्षांची बाई, तेहतीस वर्षं नोकरी, आणि अजून चष्मा डोक्यावर ठेवून सगळीकडे शोधणार.

"कॅल्विन, पहिला पर्याय लिहायला किती वेळ लागला रे?"

"अर्धा तास, मॅडम. सँडविच खाता खाता. तो निवडतंय कोण?"

"मीही सँडविचच खात होते," त्या म्हणाल्या आणि एक कागद त्याच्यापुढे सरकवला. "हा सगळ्यात वर लाव."

कॅल्विनने वाचला. आठ वर्षांपूर्वी, मागच्या एका सत्ताबदलात, बाईंनी दुसऱ्या एका चौकीबद्दल असाच कागद लिहिला होता. 'तीस दिवसांत रिकामी करा' हे नुसतं शोभेला टाकलं होतं. बाहेर पडायचा रस्ता तपासलाच नव्हता. त्या वेळच्या नव्या साहेबांनी नेमका तोच पर्याय उचलला. अकरा जण त्या रस्त्यावरून घरी आले नाहीत. पुढे अकरा नावं, मग 'चूक माझी', आणि खाली सही.

"अहो, पण चौकशीत तर तुमचं नावसुद्धा नव्हतं!"

"कागदावर खात्याचं नाव असतं. माणसाचं कुठे असतं?"

"मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. नऊ दिवस राहिलेत. निरोपाचा केक सांगून ठेवलाय आम्ही. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"मूठ झाकून झाकून बोटं आखडली रे माझी," बाई म्हणाल्या. "लाव तू."

कॅल्विनने कागद घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात टाकला. बाईंची अब्रू वाचावी म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. आता खोटं कशाला बोला, खुर्चीही डोळ्यांपुढे होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळी फाईल घेऊन नव्या मंडळींच्या कचेरीत गेला. तिथे खुर्च्यांपेक्षा खोकीच जास्त. अध्यक्षांचे होऊ घातलेले सल्लागार एमॉस टिलिंगहास्ट, निवृत्त अ‍ॅडमिरल, यांनी हॅरोचा कागद दोनदा वाचला.

"मुद्देसूद आहे. आता सांगा, यातले शोभेचे कोणते?"

"शोभेचे नाहीत, सर."

"अहो, बावीस वर्षं मी असेच कागद लिहिलेत. माझ्याशीच लपंडाव? समजा, साहेबांनी पहिला निवडला, तर?"

"नाही निवडणार, सर."

"का नाही निवडणार?"

या प्रश्नाचं उत्तर अकरा नावांच्या रूपाने त्याच्या खिशात होतं. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. त्याने कागद काढून टेबलावर ठेवला.

अ‍ॅडमिरलनी सगळी नावं सावकाश, ओठ हलवत वाचली.

"हा तुमच्या खिशात काय करत होता?"

"भीती वाटली, सर. त्यांच्यासाठी. आणि माझ्यासाठीही."

"हं. हे तरी खरं बोललात." म्हाताऱ्याने चष्मा काढला. "अशी सही मी माझ्या अख्ख्या नोकरीत पाहिली नाही. आणि ही बाई वीस तारखेला घरी जाणार? करंटे आहोत आपण!"

मग त्यांनी हॅरोच्या कागदावर आडव्या अक्षरांत लिहिलं: 'प्रत्येक पर्यायाखाली लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव घालून सही करावी. ज्याखाली सही करवत नसेल, तो पर्याय अध्यक्षांपुढे येणार नाही.' आणि म्हणाले, "एकतीसच्या एकतीस परत न्या. उद्या दुपारपर्यंत मला हवेत."

कॅल्विनने बाईंना सगळं सांगितलं, खिशाचंसुद्धा.

"गाढव आहेस," त्या म्हणाल्या. "पण काढलास ना बाहेर? मला ते आठ वर्षं जमलं नाही."

तेहतीस वर्षांनी, अब्रूनिशी घरी जाता येत असताना, या बाईने आपलं सगळं टेबलावर ठेवलं होतं. त्याला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण तिथे तशी रीत नाही, म्हणून तो नुसताच कागद घेऊन बसला.

मधल्या पर्यायाखाली त्याने सही केली. तिसऱ्यावर सरळ काट मारली. पहिल्यापाशी पेन थांबलं. त्यावरही काट मारता आली असती. पण उद्या खरंच त्या पोरांना परत आणायची वेळ आली, तर? त्याने पेन ठेवलं आणि थेट हॅरो चौकीला फोन लावला. तिथल्या प्रमुख मेजर डोलोरेस किंटेरो लाइनवर आल्या.

"मेजर, तुमच्या चौकीतून बाहेर पडायचे रस्ते किती?"

"साहेब, दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं," मेजर म्हणाल्या. "एक. आणि त्याच्यावरचा पूल सप्टेंबरच्या पुरात वाहून गेलाय."

विनिफ्रेडबाईंनी शेजारची खुर्ची ओढली, डोळे पुसले आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."