चव्वेचाळीस नंबरचं अंडं

सही करायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण तिसऱ्या दिवशीही ती त्या कागदाभोवती फेऱ्याच घालत होती. साहित्य विभागातल्या आपल्या खोलीतून निघायचं, दोन जिने उतरायचे, आवार ओलांडून जीवशास्त्राच्या इमारतीत शिरायचं, आईच्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जायचं आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत फिरायचं. पायाला भिंगरी लागली होती नुसती. आवारातल्या माळ्याने शेवटी विचारलंच, "मॅडम, काही हरवलंय का? सांगा, मीही बघतो."

आई जाऊन सात आठवडे झाले होते.

आईचं काम कोंबडीच्या अंड्यांवर. अंड्यात जीव आकार घ्यायला लागला की काही पेशी पुढे पाय व्हायच्या असतात. त्या उचलून पंखाच्या जागी लावल्या तर काय होतं, हा आईचा प्रश्न. लवकर उचलल्या तर त्या आपलं मूळ ठिकाण विसरतात आणि निमूटपणे पंख होतात; उशिरा उचलल्या तर विसरत नाहीत, आणि पंखाच्या टोकाला पायाची बोटं फुटतात. हे विसरणं नेमक्या कोणत्या तासाला थांबतं, याच्या मागे आई आयुष्यभर हात धुऊन लागली होती. लेकीचा विषय आत्मचरित्रांचा. एकच प्रसंग माणूस पुन्हा सांगतो तेव्हा त्यात काय बदलतं, ते ती शोधायची. "मी अंड्यातल्यांची आठवण तपासते, ही अंड्यातून बाहेर पडलेल्यांची," असं आई पाहुण्यांना सांगायची. विद्यापीठाने दोघींना मिळून एक प्रकल्प दिला, तेव्हा सगळ्या इमारतीत त्याचं नाव पडलं 'मायलेकींचं दुकान'.

दुकानाची रीत साधी होती. आई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दिसेल ते बोलायची. लेक ते रेकॉर्ड करायची आणि वहीच्या डाव्या रकान्यात शब्द न शब्द उतरवायची. आठ दिवसांनी वही न दाखवता तेच पुन्हा विचारायचं. ते उजव्या रकान्यात. डावा रकाना आईच्या निबंधासाठी, आणि दोन रकान्यांमधलं अंतर लेकीने लिहायच्या प्रकरणासाठी.

शेवटची खेप चाळीस ते सेहेचाळीस नंबरांची. त्या गुरुवारी आईला नीट बसवतही नव्हतं. लेकीने एका हाताने तिची पाठ धरली होती, दुसऱ्याने खुर्ची. रेकॉर्डर पिशवीतच राहिला. आई बोलत होती, पण लेकीचं सगळं लक्ष आईच्या श्वासाकडे होतं. एक अक्षर कानात शिरलं नाही. अर्ध्या तासात दोघी घरी परतल्या.

आठ दिवसांनी तिने आईच्या पलंगाशी बसून क्रमाने विचारलं. चाळीस? एक्केचाळीस? आईने डोळे मिटून, हळूहळू, पण न अडखळता सातही नंबरांचं सांगितलं. उजवा रकाना भरला. डावा कोराच होता.

आणि मग तिने जे केलं ते दुसऱ्या कुणाला जमलंही नसतं. ताजं सांगणं कसं असतं आणि मागाहून सांगणं कसं, हे वाचण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. ताज्या सांगण्यात वाक्यं अर्धी राहतात, माणूस मध्येच 'थांब' म्हणतो, आधी चुकतं आणि मग सुधारतं. तिने उजव्या रकान्यातली वाक्यं घेतली, ती मोडली, त्यांत 'हं' घातले, 'जरा वळव गं' घातलं, आणि डावा रकाना भरून टाकला. आईला पुन्हा त्रास नको, एवढंच तेव्हा मनात होतं. वाचताना आईचा खोकलासुद्धा ऐकू यावा असं ते उतरलं होतं.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण त्याच दुपारी दादाचा फोन आला. आईने पुढच्या उपचारांना नको म्हटलं होतं, आणि दादा त्याच्या गावाहून सारखा फोन करून भांडत होता. "तिला कळतंय का ती काय बोलतेय? औषधांच्या गुंगीत आहे ती!" तेव्हा वही मांडीवरच होती. ती म्हणाली, "दादा, आत्ता सात अंडी क्रमाने सांगितली तिने मला. एकही चूक नाही. तिचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा ठिकाणावर आहे." दादाने भांडण सोडलं. उपचार थांबले. आई त्यानंतर सोळा दिवस होती.

पण एकही चूक नाही, हे तिने ताडून पाहिलंच कुठे होतं?

आईचा निबंध आता तयार होता. आईचा जुना विद्यार्थी तो पूर्ण करत होता. कुठलंही काम सांगितलं की 'अर्ध्या तासात करतो' म्हणायचा, म्हणून आईने त्याचं नावच अर्धातास ठेवलं होतं. निबंधाचा सगळा डोलारा शेवटच्या सात नंबरांवर उभा होता, आणि डाव्या रकान्यातलं लिखाण जसंच्या तसं आहे, असं लिहिलेल्या कागदावर तिची सही हवी होती.

चौथ्यांदा ती प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आली, तेव्हा आतूनच हाक आली.

"येरझाऱ्या पुरे झाल्या, आत ये."

हाक मारणाऱ्या होत्या अंडीवाल्या बाई. बावीस वर्षं अंड्यांचे ट्रे त्याच आणायच्या, उबवणी यंत्राकडे डोळ्यांत तेल घालून बघायच्या, प्रत्येक कवचावर पेन्सिलीने नंबर घालायच्या. त्यांनी तिला शाळेच्या दप्तरासकट पाहिलेलं होतं.

"शनिवारपर्यंत खोली रिकामी करायचीय," बाई म्हणाल्या. "आईच्या बाटल्या ठेवायच्या की टाकायच्या, ते सांग. तीन दिवस विचारतेय, तू दारातूनच पळतेस. वाघ बांधलाय का मी इथे?"

बाटल्या म्हणजे आईचे नमुने. पिल्लू दहाव्या दिवशी बाहेर काढून रंगवायचं, मग एका द्रावात ठेवायचं. अंग काचेसारखं पारदर्शक होतं आणि आतली कोवळी हाडं तेवढी निळी दिसतात. आईने ज्या पाहिल्या त्याच बाटल्या तिथे, तशाच होत्या. पुन्हा पाहता येण्यासारख्या. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर पळत होती.

"टाकू नका," ती म्हणाली. "बघायच्यात."

"कोण बघणार? तू? तुला चोच आणि शेपूट तरी ओळखता येतं का?"

कोपऱ्यात खोकी भरत असलेला अर्धातास वळला. "बघून काय करायचं ताई? मॅडमनी पाहिलंय ना. तू सही दे, अर्ध्या तासात पाठवून मोकळा होतो."

"डावा रकाना मी लिहिलाय."

"तूच लिहायचीस की."

"तसं नाही. शेवटच्या खेपेचं रेकॉर्डिंगच नाही. ते तिचे शब्द नाहीत. आठ दिवसांनी सांगितलेलं मी ताजं करून लिहिलं."

अर्धातासाच्या हातातली चिकटपट्टी तशीच ताणलेली राहिली. "अगं, त्यातलं ते 'थांब, जरा वळव गं'? मी ते वाचून रडलो होतो ताई!"

"ते माझं आहे."

"धन्य आहे तुझी," तो म्हणाला आणि खोक्यावर बसला. बाईंनी मात्र ओढणी खोचली, कपाट उघडलं आणि म्हणाल्या, "बसू नका. नंबर झाकून बघायचं. मॅडमची पद्धत तीच होती. बाटल्या मी लावते, हा बोलेल, तू लिही. आणि ते यंत्र चालू कर या वेळी."

तिने रेकॉर्डर टेबलावर ठेवून चालू केला. लाल दिवा लागला की नाही ते दोनदा पाहिलं.

बाईंनी नंबरांवर कागद गुंडाळून बाटल्या उलटसुलट क्रमाने पुढे ठेवल्या. अर्धातास डोळा लावून बोलू लागला. पहिली: पंखच, दोन बोटं नीट, तिसरं अर्धवट. दुसरी: पायाची बोटं, चार. तिसरी, चौथी. ती लिहीत होती, पण खुर्चीत टेकवत नव्हतं. उभ्याने, मग खिडकीपाशी, मग परत टेबलाशी. सहावी झाली. तिने पेन तसंच धरलं.

"सातवी?"

"संपल्या," बाई म्हणाल्या.

"सात होत्या. चाळीस ते सेहेचाळीस."

"सात अंडी होती. पिल्लं सहा. चव्वेचाळीस सहाव्या दिवशीच गेलं." त्यांनी जिवापाड जपलेली, कोपरे झिजलेली एक लहान वही काढली. ती प्रकल्पाची नव्हती, त्यांची स्वतःची होती. बोट ठेवून दाखवलं. चव्वेचाळीस, सहावा दिवस, फुली. "ते रंगवलंच नाही, तर बाटली कुठून येणार? गुरुवारी तुझ्या आईने सहाच पाहिल्या. मी एकेक पुढे सरकवत होते. तू तिला धरून उभी होतीस."

नंबरांवरचे कागद काढले. तिने वही ताडली. चाळीस जुळलं. एक्केचाळीस, बेचाळीस जुळलं. त्रेचाळीसमधलं ते अर्धवट तिसरं बोटसुद्धा आईने सांगितलं होतं तसंच. पंचेचाळीस, सेहेचाळीस. सहाही तंतोतंत. आणि मध्ये, तिच्याच अक्षरात: चव्वेचाळीस, पायाची तीन बोटं, मधलं किंचित वाकडं.

जे पिल्लू कधी बाहेरच आलं नाही, त्याचं मधलं बोट वाकडं.

"तिला माहीत होतं का, ते गेल्याचं?" तिने विचारलं.

"मीच सांगितलं होतं. हळहळलीसुद्धा." बाईंनी वही मिटली. "तू तिला त्याचं वेगळं विचारलंस का?"

"क्रमाने विचारलं. त्रेचाळीस झालं, मग म्हटलं, चव्वेचाळीस?"

"मग काय करणार बिचारी? आयुष्यभर शिकवलं तिने. विचारल्यावर उत्तर न देता कधी राहिली होती?"

ती पुन्हा खिडकीपाशी गेली. दर वर्षी पहिल्या तासाला ती मुलांना हेच बजावायची: आठवण विचारताना ती आहेच असं धरून विचारू नका, समोरचा माणूस तुमच्या प्रेमापोटी ती घडवून देतो. आईने दिली होती. की गुंगीत कुठल्या तरी जुन्या खेपेतलं बोट इथे येऊन पडलं होतं? सहा बाटल्या एक म्हणत होत्या, नसलेली सातवी दुसरं. यातलं खरं कोणतं, हे कळायची आता सोय नव्हती.

अर्धातास घसा साफ करून म्हणाला, "सहांवरही निबंध उभा राहतो. थोडा लंगडेल. 'सिद्ध होतं' कापून 'असं दिसतं' म्हणावं लागेल. मॅडमना ते 'असं दिसतं' आवडलं नसतं."

"नसतं आवडलं. तरी तसंच लिही. आजची मोजणी घाल, आजची तारीख घाल. डावा रकाना मी भरलाय हे मी सहीनिशी देते. माझं प्रकरण मागे घेते."

"सगळं?"

"त्या रकान्यावरच उभं होतं ते."

तो काहीतरी बोलणार होता, पण बाईंनी त्याला खोकी दाखवली. ती बाहेर जिन्यावर आली आणि मन फिरायच्या आत दादाला फोन लावला. सात आठवड्यांत दोघं बोलली होती ती आईच्या कपाटाच्या किल्लीबद्दल आणि घराच्या कागदांबद्दल, बस्स.

"बोल मास्तरीणबाई," दादा म्हणाला. मागे कुठेतरी गाड्यांचे आवाज होते. "किल्ली सापडली?"

"किल्लीचं नाही. दादा, मी तुला त्या दिवशी म्हटलं होतं ना, आईने सात अंडी सांगितली, एकही चूक नाही म्हणून?"

"म्हटलं होतंस."

"मी तपासलं नव्हतं. आज तपासलं. सहाच होती. सातवं तिने... ते नव्हतंच. तरी तिने त्याचं वर्णन केलं, आणि मी लिहून घेतलं. तिचं डोकं ठिकाणावर होतं असं मी तुला सांगितलं ते माहीत असल्यासारखं. मला माहीत नव्हतं. मला तसं हवं होतं."

ती दोन पायऱ्या उतरली, परत चढली.

"ऐकतोयस का?"

"सात आठवडे मी त्या सात अंड्यांच्या जिवावर झोपतोय," तो म्हणाला. "रोज स्वतःला सांगतो, तिला कळत होतं, मास्तरीण म्हणाली तर खरं असणार. आणि तू आता मला हे भर रस्त्यात सांगतेस?"

"थांबले असते तर पुन्हा बोलायचं धाडस झालं नसतं."

"तुझं धाडस! माझी झोप गेली त्याचं काय?" त्याचा आवाज चढला. तिने फोन कानापासून दूर केला नाही. त्याने बरंच काही सुनावलं: लहानपणापासून सगळं तिलाच कळतं, पुस्तकं वाचून माणसं ओळखता येत नाहीत, आई तिच्याजवळ होती म्हणून शेवटचा शब्दही तिचाच. खरंच होतं त्यातलं बरंचसं.

मग तो दमला. गाड्यांचा आवाज कमी झाला. कुठल्या तरी आडोशाला गेला असावा.

"मीही विचारलं होतं तिला," तो म्हणाला. "तुला सांगितलं नाही कधी. तू औषधं आणायला गेली होतीस, तेव्हा फोन लावला. म्हटलं, आई, अजून एकदाच करू या ना उपचार, माझ्यासाठी. तीन वेळा म्हटलं. अगदी लहान मुलासारखा हट्ट केला."

"काय म्हणाली?"

"तीनही वेळा नको म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, तू जेवलास का."

ती पायरीवर बसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच कुठेतरी टेकली होती. हट्ट करणाऱ्या लेकाला हो म्हणणं आईला किती सोपं होतं, आणि तिने ते केलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. पण ते पुरावा म्हणून मांडायला तिची जीभ रेटेना. एकदा तसं करून झालं होतं.

"याने काही ठरत नाही, दादा."

"माहीत आहे मला. मी काय तुझा विद्यार्थी आहे?" तो नाक ओढत म्हणाला. "ती सहा. ती तरी नक्की तिचीच ना?"

"सांगितलेली तिनेच. बाटल्यांशी जुळतात."

"मग सांग. ती कशी म्हणाली तसं सांग."

"मी आठ दिवसांनंतरचं ऐकलेलं सांगतेय हं. आणि आज त्याला दोन महिने झाले. शब्द इकडचे तिकडे होतील."

"होऊ दे. तू सांग."

तिने वही उघडली नाही. "चाळीस," ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून आईने पलंगावर डोळे मिटून काय सांगितलं होतं ते आठवू लागली.