लांब दांड्याचं ओगराळं

मित्रांनो, माझा चकचकीतपणा बघून 'वा!' म्हणू नका. मी एक जुनं पितळी ओगराळं आहे, आणि माझं डोकं भयंकर तापलेलं आहे.

मुलुंडच्या मागच्या डोंगरातून बोरिवलीकडे उतरणारी एक पायवाट होती. वाटेतल्या खिंडीत दगडी धर्मशाळा. अंधार पडला की वाघाच्या भीतीनं वाटसरू तिथंच मुक्काम करत. तांबटानं मला घडवलं ते तिथल्या रांजणातलं पाणी द्यायला. तेव्हा माझा दांडा वीतभर होता. दमलेला माणूस घटाघटा पाणी प्यायचा आणि 'पुण्य लागेल रे बाबा' म्हणायचा. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मग मुक्कामाला आलेल्या एका बड्या असामीनं तक्रार केली. "सगळ्यांच्या ओंजळीपाशी हेच ओगराळं नेता? विटाळ होतो!" झालं! राखणदार धोंडिरामनं माझ्या दांड्याला आणखी हातभर पितळ जोडून आणलं. काही जातींच्या लोकांना अंगणात बसवायचं आणि पायरीवरून, लांबून, पाणी ओतायचं. ओतत कोण होतं? मीच. त्याची लाज अजून जात नाही.

पुढे गाडीरस्ते झाले, खिंड ओस पडली. कित्येक वर्षं मी माळ्यावर, कोळिष्टकांच्या सोबतीला. अलीकडे मुलुंडच्या एका मंडळानं धर्मशाळा दुरुस्त केली. आता हौशी मंडळी तिथं एका रात्रीच्या मुक्कामाला येतात. मला भिंतीवर टांगलं आणि खाली पाटी लागली: 'खोल रांजणासाठी लांब दांड्याचे ओगराळे. येथे सर्वांना समान पाणी मिळे.' समान म्हणे! डोंबल!

गेल्या हिवाळ्यात गोवंडीची तेजल आपल्या आजीला, सुंदराबाईंना, घेऊन मुक्कामाला आली. मंडळाचे नंदकुमार कौतुकानं पाटी वाचून दाखवत होते. सुंदराबाईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"खोल कुठला? रांजण माझ्या कमरेला येतोय," त्या म्हणाल्या. "सात वर्षांची होते मी. मायसंगं इथनं चालले होते. यानंच पाणी ओतलं आमच्या ओंजळीत, त्या पायरीवरून. अर्धं सांडलं. आत जागा रिकामी होती, तरी आम्ही बाहेर चिंचेखाली. वाघाच्या भ्यानं मायनं डोळा लावला नाही."

"मावशी, आपल्या धर्मशाळेनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही हो," नंदकुमार म्हणाले.

"नाही कशाला म्हणतील? आत या, असं म्हणलंच नाही कुणी!"

"अहो, जुनं झालं ते. आता कशाला उकरून काढायचं?"

"काका, मग पाटी बदला ना!" तेजल भडकली. "सरळसरळ खोटं आहे ते."

"दुसरं काय मागत नाही मी," सुंदराबाई म्हणाल्या. "माझ्या मायनं रात्र बाहेर काढली, एवढं लिहा तिथं."

"मंडळात विषय काढतो," नंदकुमार पुटपुटले.

त्या रात्री सुंदराबाई आत झोपल्या, अगदी मधोमध. मला वाटलं, चला, आता तरी खरं लिहितील.

लिहितायत कसले! पंधरा दिवसांनी मला मुलुंडच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं आणि जोडलेला दांडा कापून टाकला. वर चिंच लावून घासलं. नवी पाटी आली: 'याच ओगराळ्याने सर्वांना समान पाणी मिळे.' खोल रांजणाची थाप तेवढी गेली. "मूळ रूपात आणलंय," नंदकुमार म्हणाले, "आता कुणाची तक्रार नको." चोर ते चोर, वर शिरजोर!

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू 'आम्हाला जपा' म्हणून हात जोडतो. मला आता काय जपताय? माझ्याकडे दाखवायला काही ठेवलेलंच नाही. पण सुंदराबाई अजून गोवंडीत आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांना सगळं लख्ख आठवतं. वही घ्या, पेन घ्या आणि त्यांच्याकडे जा. त्या सांगतील तसंच्या तसं लिहा. आजच जा.