मागचं चित्र

फिल्मचा कोपरा नखात आला आणि ती चर्र करत काचेवरून सुटत गेली; गाडीत बसवायचा दहा इंची पडदा बेडकाच्या पाठीसारखा चमकला, आणि नासिरला शिसारी आली. नव्या प्लास्टिकचा तो गोडसर वास... दुपारपर्यंत घशात बसून राहायचा. अब्बांच्या कपड्यांना सोल्डरचा वास यायचा, त्याची कधी किळस वाटली नव्हती.

लातूरच्या याच दुकानात अब्बांनी गाड्यांमध्ये टेप बसवले. टेप बिघडला की उघडायचा. आत काय बिघडलंय ते दिसायचं. आता फोनवाल्या कंपन्यांना प्रत्येक गाडीत आपली सिस्टिम हवी, गाडीवाल्यांना स्वतःची हवी, आणि या ओढाताणीत शोरूमच्या नव्या गाडीतला पडदा बाहेरच्या माणसाला काढताच येत नाही. नासिरकडे उरल्या जुन्या गाड्या — आणि त्यांच्यासाठी हे पडद्यांचे बिननावाचे खोके.

मंगळवारी निलंग्याच्या बुशराबाजी आपला पडदा परत घेऊन आल्या. गाडी मागं घेताना कॅमेऱ्याचं चित्र थिजलं होतं. पडद्यावर रिकामं अंगण, चाकाखाली स्कूटर. स्कूटर होती म्हणून बरं, एवढंच त्या म्हणाल्या. त्यानं खोका उघडला. सेटिंगमध्ये मेमरी आठ जीबी, आतल्या चिपवर दोनच; तेवढ्यात चित्र अडकणारच. तो आठचा आकडा कुणीतरी सिस्टिममध्येच लिहून ठेवलेला. विचारलं की यंत्र निवांत खोटं सांगत होतं. पुरवठादार फोनवर हसला — सगळेच हेच विकून राहिले, म्हणाला. नासिरनं मनात मोजलं, मी असे अकरा बसवलेत... अकरा अंगणं.

हा बारावा. अहमदपूरचे सटवाजीकाका सकाळपासून बाकावर बसून होते. अब्बांच्या वेळचं गिऱ्हाईक. मान आता वळत नाही, अंगणात नातवंडं खेळतात, आणि कॅमेरा बसवल्याबिगर गाडीला हात लावायचा नाही अशी त्यांच्या बायकोची, तुळजाबाईंची तंबी. सांगावं. आत्ताच सांगावं — पण यांना सांगितलं की त्या अकरांनाही सांगावं लागेल, आणि मग अब्बांच्या नावाच्या पाटीखाली कोण थांबेल?

"काका, हा कधी कधी हळू चालतो."

एवढीच कबुली. स्वतःचाच आवाज त्याला चिकट वाटला.

"मी तरी कुठं पळायलोय? तू बसवलास न्हवं, मंग झालं."

बसवणाऱ्यानं बटण दाबायचं नाही. ते गिऱ्हाइकाच्या हातानं, आणि आपण मागच्या सीटवर बसून ऐकायचं, बाया-पोरं बसतात तिथून — अब्बांची ही रीत. नासिर मागं बसला. सटवाजींनी पडदा चालू केला, रिव्हर्स टाकला. पडद्यावर गल्ली आली, स्वच्छ, रिकामी. त्यांनी मान वळवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"लई साफ दिसायलंय की," ते म्हणाले. त्यांच्या मानेवरच्या सुरकुत्या नासिरच्या अगदी समोर होत्या, हात पुढं केला तर खांद्याला लागेल इतक्या जवळ — आणि गाडी मागं सरकू लागली.

तेव्हा त्यानं आपली मान वळवली, काचेतून पाहिलं. गल्ली खरोखरच रिकामी होती. त्याला बरं वाटलं... आणि मग ते बरं वाटणंच जिभेवर शेवाळासारखं बसलं, थुंकताही येईना.